तीस सेकंद आणि दोन नावं

राळेगावच्या एका कृषी केंद्रातून माझ्या दुकानाच्या फोनवर फोन आला. पलीकडचा माणूस दबक्या आवाजात बोलत होता. मशीनने ऐकू नये अशी त्याची इच्छा असावी.

"राठोडभाऊ, तुमचं मशीन मले काईतरी विचारून राह्यलं. काय सांगू त्याले?"

"काय विचारते?"

"दोन नावं दाखवते आन खाली उलटे आकडे मोजते. वीस, एकोनीस, अठरा... म्या बटनच बंद केलं. म्हनलं, फुटते बिटते काय."

सकाळपासून त्याने ते आठ वेळा बंद केलं होतं. मी म्हटलं, पुन्हा चालू करा आणि कशालाही हात न लावता उभे राहा. फोन कानाला लावून आम्ही दोघं विसापासून शून्यापर्यंत गेलो. शून्यानंतर त्याचा रोजचा पडदा उघडला तेव्हा तो म्हणाला, "अरे बाप्पा, हे तं आपलंच हाये!" आणि फोन ठेवून दिला.

पांढरकवड्याला माझं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग संगणक. आता दुकान बंद करून दोन वर्षं झाली, पण अजूनही बसस्टँडवर कोणी भेटलं की म्हणतं, "एका डब्यात दोन कम्प्युटर बसवणारे राठोड तुमीच न?" मी हो म्हणतो. मला खरोखर चांगलं येत होतं असं ते एकच काम. बाकीची दुरुस्ती कोणीही करत होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याहून बरी करत होतं.

हे काम काय होतं ते सांगतो. संगणक म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. त्याच्या आत बसून त्याला चालवणारा एक कारभारी लागतो. कोणाकडे हा कारभारी विंडोज अठ्ठ्याण्णव नावाचा होता, कोणाकडे एक्सपी, एखाद्या हौशी माणसाकडे लिनक्स. अडचण अशी की जुनी कामं जुन्याच कारभाऱ्याला यायची आणि नवी यंत्रं नव्याचंच ऐकायची. एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्याची पावती काढणारा प्रोग्रॅम अठ्ठ्याण्णवशिवाय हलत नसे, आणि तिथल्याच नव्या प्रिंटरला एक्सपीशिवाय दुसरं कोणी चालत नसे. दोन संगणक घेण्याची ती वर्षं नव्हती. मग मी आतल्या डिस्कचे भाग पाडायचो, एकेका भागात एकेक कारभारी बसवायचो आणि दारावर एक यादी लावायचो. मशीन चालू केलं की आधी ही यादी येते. बाण वरखाली करून ज्याला बोलवाल तो येतो. कोणालाच बोलावलं नाही, तर ठरलेले सेकंद मोजून मशीन आपल्या मनाने त्यातल्या एकाला उठवतं. एका वेळी जागा एकच. दुसऱ्याला, आपण या घरात राहतो याचाही पत्ता नसतो.

हे मी एकदा याडीला सांगितलं होतं. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. ती फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यातून डोळे दाखवायला आली होती आणि दिवसभर दुकानात बसून होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या बंजारा गोरबोलीत विचारलं, "मग दुसरा तेव्हा कुठं असतो?" मी म्हटलं, आतच असतो, झोपलेला. ती म्हणाली, "आणि त्याला कोणी उठवलंच नाही तर?" मी हसलो होतो. गिऱ्हाईक समोर होतं म्हणून उत्तर दिलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. मी बसवलेल्या प्रत्येक मशीनमध्ये दोन भागांच्या शेवटी एक लहानशी तिसरी खोली मी माझ्यासाठी ठेवत असे. तिच्यात लिनक्स. यादीत तिचं नाव दिसत नसे. एक विशिष्ट बटण दाबलं तरच ती उघडे. मशीन बिघडलं तर दुरुस्तीला उभं राहायला जागा हवी, एवढाच तिचा उपयोग. पण त्या खोलीतून दोन्ही बाजू दिसायच्या, आणि कुलपं असली तरी दिसायच्या. गिऱ्हाइकाला मी हे कधी सांगितलं नाही. लबाडी म्हणा हवं तर. मी तिला सोय म्हणत आलो.

मधुकरराव आणि सुधाकर हे दोघे सख्खे भाऊ, बाजाराच्या रस्त्यावरच्या छापखान्याचे मालक. छापखाना त्यांच्या वडिलांनी टाकलेला. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांचे खिळे, ते ठेवायचे लाकडी खण. जयंतीची पत्रकं, शाळांचे पेपर, लग्नाच्या पत्रिका तालुकाभर तिथूनच जायच्या. वडील गेल्यावर दोघांनी संगणक घेतला आणि दोन कारभारी बसवायला मला बोलावलं. मधुकररावांचे मराठी अक्षरांचे जुने फॉन्ट अठ्ठ्याण्णवमध्येच नीट दिसायचे आणि सुधाकरला फोटोंच्या कामासाठी एक्सपी हवा होता. थोरला अक्षरवाला, धाकटा चित्रवाला. पत्रिकेवर बुद्धाचं चित्र सुधाकरने बसवायचं आणि खालचा 'मंगल परिणय' मधुकररावांनी जुळवायचा. दोघं एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसत. एकाचं झालं की दुसरा म्हणे, "सर बाजूले," आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करी. मी चहाला गेलो की ते पाहत बसे. मला भाऊ नाही, म्हणून असेल.

मग कापसाच्या पडझडीची ती वर्षं आली. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मी ती माझ्या बाकड्यावरून पाहिली. दसऱ्यानंतर जिनिंगचे संगणक साफ करायला बोलावणं यायचं, ते एका वर्षी आलंच नाही. मी आपणहून गेलो, तर काट्याच्या खोलीला कुलूप आणि कीबोर्डवर चिमणीचं घरटं. छापखान्यात तीन घड्यांच्या, गोंडे लावलेल्या पत्रिका बंद झाल्या; एका कार्डावर सगळं मावू लागलं. मग तेही नको झालं. लोक फोनवरच निमंत्रण देऊ लागले. लग्नं साधी झाली आणि बरीचशी पुढल्या सालावर गेली.

काम आटलं की घरातले आवाज मोठे होतात. सुधाकरचं म्हणणं, आता अक्षरं जुळवून भागायचं नाही, रंगीत काम धरलं पाहिजे. मधुकररावांचं म्हणणं, बाबांनी धरलेलं काम सोडायचं नाही. आणि एका आठवड्यात, मधुकरराव मुलीच्या कॉलेजच्या कामाने नागपूरला गेले असताना, सुधाकरने वडिलांचं ट्रेडल भंगारात काढून रंगीत प्रिंटर आणला.

मी तो प्रिंटर जोडायला गेलो होतो. ट्रेडलच्या जागी फरशीवर चार काळे डाग होते. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही.

मधुकररावांनी भांडण केलं नाही. त्यांनी बोलणं थांबवलं. पंधरा दिवसांत चुली वेगळ्या झाल्या, दुकानाच्या मधोमध कपाट उभं राहिलं, आणि मग दोघं माझ्याकडे आले. एकत्रच आले, पण उभे राहिले दोन टोकांना.

"राठोडभाऊ," मधुकरराव म्हणाले, "कम्प्युटर एकच हाये. त्याचे दोन हिस्से करून द्या."

"दोन तं आहेतच."

"तसे नाई. याचं मले दिसू नये, माहं याले दिसू नये."

सुधाकरही म्हणाला, "मले बी तेच पायजे. माह्यी बाजू दादाले दिसली नाई पायजे. कवाच. शब्द द्या."

मी शब्द दिला. मनात तिसरी खोली आली होती, पण ती माझी होती, मी काही पाहणार नव्हतो. त्या दिवशीचं काम मी आयुष्यात केलेल्या कामांतलं सर्वांत सफाईचं. धाकट्याचा भाग अशा पद्धतीने आखला की थोरल्याच्या जुन्या कारभाऱ्याला तिथे काही आहे हेच कळू नये, आणि एक्सपी जागा होताना थोरल्याचा भाग लपून बसावा. मधे इतकी पक्की भिंत मी दुसऱ्या कोणत्याही मशीनमध्ये घातली नाही. याचा मला तेव्हा अभिमान वाटला. चांगलं काम केल्याचा पश्चात्ताप होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

यादीत कारभाऱ्यांची नावं लिहायची असतात. ती कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी मालकांचीच नावं घालायचो. त्यावरून पुन्हा जुंपली.

"म्या थोरला. माहं नाव वर."

"राहू द्या वर," सुधाकर माझ्याकडे पाहून म्हणाला, "पन कोनी बटन दाबलं नाई तं माह्यं उघडलं पायजे."

तसंच केलं. वर मधुकर, खाली सुधाकर. तीस सेकंदांत कोणी काही केलं नाही तर सुधाकर. म्हणजे थोरल्याला रोज न चुकता बटण दाबावं लागणार. मला तो धाकट्याचा खवचटपणा वाटला आणि थोडं हसूही आलं.

दोन वर्षं हे असं चाललं. एक उठून गेल्यावर दुसरा बसायचा. "सर बाजूले" म्हणायचीही सोय उरली नव्हती. मग एका उन्हाळ्यात सुधाकर बायकोला घेऊन निघून गेला. प्रिंटर नेला, कपाटातली आपली बाजू रिकामी केली, संगणक मात्र जिथल्या तिथे ठेवला. कुठे गेला ते कोणाला सांगितलं नाही. कोणी सुरत म्हणे, कोणी पुणे. वणीला त्याची सासरवाडी. मधुकरराव तिथेही जाऊन आले. सासऱ्यांनी चहा दिला आणि जावई बरे आहेत एवढंच सांगितलं. मुलीने, म्हणजे सुधाकरच्या बायकोने, तोंड उघडू नका म्हटलं असावं.

मला वाटलं होतं, मधुकरराव आता मला बोलावतील आणि धाकट्याची बाजू पुसून जागा मोकळी करून मागतील. त्यांना जागेची गरज होती. मी एकदा आपणहून विचारलं, तर म्हणाले, "पाहू." वर्षभराने पुन्हा विचारलं, तेव्हाही "पाहू."

एका सकाळी शाळेचं काहीतरी काम घेऊन मी छापखान्यात गेलो. मधुकरराव हात मांडीवर ठेवून खुर्चीवर बसले होते. समोर यादी होती आणि आकडे उतरत होते. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही.

"मधुकरराव, बटन दाबा न, त्याचं उघडून जाईन."

"उघडू द्या."

शून्य झालं आणि सुधाकरचा निळा पडदा आला. एक्सपीमध्ये नावाशेजारी लहानसं चित्र असतं. कोणी फूल ठेवतं, कोणी चेंडू. तिथे सुधाकरने एक फोटो ठेवला होता. रुपयाएवढा असेल. मी चष्मा लावून वाकलो. ते त्यांच्या वडिलांचं ट्रेडल होतं. विकण्याआधी त्याने तेलपाणी करून, पुसून, समोरून फोटो काढलेला दिसत होता. खाली सांकेतिक शब्द विचारणारी रिकामी चौकट.

"याच्या म्होरं जाता येत नाई मले," मधुकरराव म्हणाले. "इथवर येतो आन मंग बंद करून माहं चालू करतो."

"रोज?"

"रोज नाई. कवा कवा." मग विचारलं, "राठोडभाऊ, तुमाले खोलता येते का हे?"

मला येत होतं. एक बटण दाबायचं होतं. आणि आत कुठे एखादा पत्ता, एखादं पत्र, गेलेल्या माणसाचा काही माग असू शकत होता. मी म्हटलं, "शब्द दिला आहे त्याले."

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांनी हट्ट केला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यांची मुलगी प्रज्ञा. वाटणी झाली तेव्हा बारावीला होती. तिचं लग्न ठरलं ते सुधाकर जाऊन चार वर्षं झाल्यावर. काकाच्या मांडीवर वाढलेली पोर. घरातल्या दोन चुलींमध्ये फिरणारं एकच माणूस ती होती. तिने वडिलांना सांगितलं की काका नसेल तर मी मंडपात यायची नाही. मधुकरराव आणि वहिनी दोघंही माझ्या दुकानात आले. वहिनी कधी दुकानात येत नसत.

"पोरगी आयकून नाई राह्यली," वहिनी म्हणाल्या. "आता याईले पुसा, कुठून आनाव त्याले? चार वर्सं झाले, फोन नाई, चिठ्ठी नाई. आन चुकी कोनाची होती ते आता कायले उकराचं?"

मधुकरराव खाली पाहत होते. "तुमाले खोला म्हनून नाई आलो," ते मला म्हणाले. "मशीन टकटक करून राह्यलं, त्याच्यासाठी आलो. पत्रिका जुळवाच्या हायेत. त्याच्या पह्यले मेलं तं कसं करू?"

डिस्क टकटक वाजू लागली की तिचे दिवस भरत आलेले असतात. नवी डिस्क घालून जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरवायचं. ते काम मी दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या बाकड्यावर केलं.

आता कबुली देतो. अशी नक्कल करताना आत डोकवायची गरज नसते. भिंती, कुलपं, नावं, जसंच्या तसं उतरतं. पण माझी एक सवय होती की उतरवून झालं की प्रत्येक बाजूची एक फाइल उघडून पाहायची, नीट आली आहे की नाही. आधी मधुकररावांची उघडली: आठवीची सहामाही, भूगोल. मग तिसऱ्या खोलीतून सुधाकरच्या बाजूला गेलो. मी स्वतःला म्हटलं की ही सवय आहे. ते खरं नव्हतं. मला वहिनींचा चेहरा दिसत होता.

शेवटच्या तारखेची फाइल वर होती, तो गेला त्या आठवड्यातली. सुधाकर प्रत्येक कामाचा एक नमुना चित्र म्हणून वेगळा ठेवत असे, गिऱ्हाइकाला दाखवायला. त्या नमुन्याचं नाव होतं 'पिंकी'. प्रज्ञाला घरात पिंकी म्हणत.

ती लग्नाची पत्रिका होती. वर 'नमो बुद्धाय', खाली बोधिवृक्षाची पानं, रंग इतके मऊ की माझ्या बाकड्यावरच्या जुन्या पडद्यावरही शोभत होते. वधूचं नाव होतं. वराची जागा कोरी. तारीख कोरी, स्थळ कोरं. पोर तेव्हा कॉलेजात शिकत होती, लग्नाचा विषयही घरात नव्हता. आणि खाली, निमंत्रक म्हणून दोन नावं, एकाखाली एक: मधुकर, सुधाकर. कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात: 'ताईच्या लग्नाला यायचं हं.' त्याखाली मुलांची नावं घालतात. सुधाकरला मूल नव्हतं. तिथे त्याने काहीच घातलं नव्हतं, नुसतं ते वाक्य ठेवलं होतं.

पत्ता नव्हता. फोन नव्हता. मी बराच वेळ शोधलं. म्हणजे शब्द मोडलाच होता, तो पूर्ण मोडून पाहिला.

संध्याकाळच्या आत मी तो नमुना कागदावर काढला आणि छापखान्यात नेऊन मधुकररावांच्या हातात दिला. कुठून आणला ते सांगितलं. ते चिडले नाहीत. कागद त्यांनी उजेडाला नेला, छापणारा माणूस पाहतो तसा आधी समास पाहिला, मग अक्षरांमधली जागा, मग खालच्या नावांपाशी आले आणि तिथेच थांबले. मला त्यांच्याकडे पाहवेना. मी फरशीकडे पाहिलं, तर ते चार काळे डाग तिथेच होते.

"अक्षर त्याले कवाच जमलं नाई," ते शेवटी म्हणाले. "पाहा, किती फाकवलं." आणि डोळे पुसले.

धाकट्याची फाइल त्यांच्या जुन्या कारभाऱ्याला उघडता येत नव्हती. त्यांनी तो कागद पडद्याला टेकवून ठेवला आणि अख्खी पत्रिका नव्याने जुळवली. दोन दिवस लागले. वराचं नाव घातलं, तारीख घातली. आपल्या काळ्या शाईच्या प्रिंटरवर तीनशे प्रती काढल्या आणि पहिली मला दिली. मी वाचली आणि म्हटलं, "मधुकरराव, चूक झाली. खाली नावं उलटी पडली."

सुधाकर वर होता, मधुकर खाली.

आमच्याकडे निमंत्रकांमध्ये थोरल्याच्या वर धाकटा कधी येत नाही. वर जागा अपुरी पडली तर लोक कार्ड बदलतात, पण क्रम बदलत नाहीत. तीस वर्षं पत्रिका जुळवणाऱ्या माणसाकडून हे व्हायचं नाही.

"चूक नाई ते," मधुकरराव म्हणाले. "तेवढं एकच वाचनार हाये तो."

नातेवाइकांनी विचारलं, चुलत्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मधुकररावांनी सगळ्यांना एवढंच सांगितलं, असू द्या. एक पत्रिका घेऊन ते स्वतः वणीला गेले आणि सुधाकरच्या सासऱ्यांच्या हातात ठेवून आले. म्हणाले, "पत्ता सांगू नका. फकस्त हे देजा त्याले." सासऱ्यांनी ती घेतली आणि चहा दिला.

मग वाट पाहणं. लग्नाला वीस दिवस, पंधरा, दहा. मी रोज काहीतरी निमित्त काढून छापखान्यावरून जात असे. आत पाहिलं की मधुकररावांनी मान हलवावी, मी पुढे जावं. प्रज्ञा आईशी बोलत नव्हती. वहिनी मला रस्त्यात भेटल्या तर नुसत्या "काय राठोडभाऊ" म्हणायच्या आणि त्यापुढे काही नाही. मला याडीचा प्रश्न आठवायचा.

लग्नाला पाच दिवस राहिले असताना मधुकररावांनी मला हाक मारून आत घेतलं. टपालाने एक पाकीट आलं होतं. वर पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत चिठ्ठी नाही. एकच पत्रिका. तीच, पण रंगीत, जाड कागदावर, उत्तम छापलेली. मजकूर अक्षरशः आमचाच, एक गोष्ट सोडून. निमंत्रकांच्या नावांत मधुकर वर होता आणि सुधाकर त्याच्या खाली.

"दुरुस्त करून धाडली त्यानं," मी म्हटलं.

"हाव. रागावला तो माह्यावर." त्यांचा आवाज असा होता, जणू पोराने बक्षीस मिळवलं आहे. "पन तुमी इथी पाह्यलं नाई."

त्यांनी टेबलावरचं भिंग माझ्या हातात दिलं आणि पत्रिकेच्या अगदी तळाशी बोट ठेवलं. कोणत्याही छापील कामाच्या तळाशी एक ओळ असते. मुंगीएवढ्या अक्षरात मुद्रकाचं नाव, गाव, फोन. लोक ती कधी वाचत नाहीत. छापणारा माणूस मात्र दुसऱ्याचं काम हातात आलं की आधी तीच वाचतो. ही सवय दोघांना एकाच बापाची.

ओळीत सुधाकरचं नाव होतं, फोन होता आणि गाव होतं आदिलाबाद.

आदिलाबाद आमच्यापासून बसने दोन-अडीच तासांवर. चार वर्षं लोक त्याला सुरतेत आणि पुण्यात शोधत होते, आणि तो पैनगंगेच्या पलीकडे मराठी पत्रिका छापत बसला होता.

"फोन लावता?" मी विचारलं.

"फोनवर काय बोलू म्या? साहा वर्सं बोललो नाई." त्यांनी पत्रिका पाकिटात घातली. "उद्या पह्यल्या गाडीनं जातो."

गेले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या बसमधून दोघं उतरले. मागे सुधाकरची बायको. मी स्टँडवर होतो, योगायोगाने नव्हे. सुधाकरच्या कानाजवळचे केस पिकले होते. दोघं बोलत नव्हते, पण थोरल्याची पिशवी धाकट्याच्या हातात होती. मी पुढे झालो. सुधाकरने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माह्यी बाजू कोनाले दाखवनार नाई म्हनलं होतं तुमी."

"हो," मी म्हटलं.

त्याने मला माफ केलं असं मी सांगणार नाही. आजही भेटला की नमस्कार करतो, जयभीम म्हणतो आणि पुढे जातो. शब्द मोडल्याची किंमत म्हणून मी ते धरून चालतो.

प्रज्ञाचं लग्न झालं. वंदना म्हणताना काका तिच्या मागे उभा होता. एक नावं उलटी आणि एक सुलटी अशा दोन पत्रिका वहिनींनी जपून ठेवल्या आहेत.

चार दिवसांनी सुधाकर परत निघणार होता. त्याचं काम तिकडे लागलं होतं, इकडे कापूस अजून सावरला नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी मी छापखान्यात गेलो आणि दोघांसमोर म्हटलं, आता ती भिंत काढून टाकतो, मशीन एक करून देतो, मधुकररावांना जागाही मोकळी होईल. मला ते फार करायचं होतं. मी घातलेली भिंत मीच काढावी, एवढं तरी.

सुधाकरने थोरल्याकडे पाहिलं.

"नका काढू," मधुकरराव म्हणाले. "तो जाईन उद्या. सकाळी मशीन चालू केलं का नाव तं दिसते त्याचं."

मग मी भिंतीला हात लावला नाही. यादी उघडली, तिसांचे साठ सेकंद केले आणि डबा बंद केला.